१६९.२५४ दिसलं म्हणजे हॅकिंग नव्हे

नागपुरातल्या दुकानदारांच्या आणि सेतू केंद्रवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर हॅकर घुसलाय. नेटवर्क कार्डही गेलं समजा. विंडोज फॉरमॅट करा, सगळ्या मशीनवर स्टॅटिक आयपी टाका. एफई८० वाला लांबलचक आयपी दिसला तर कोणीतरी चोरून जोडलंय.’ फॉरमॅटमध्ये लोकांचे हिशेब जातात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी हॅकरचं. हा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा मशीनचा पत्ता, बाहेरून येतच नाही. एरवी राउटरमधलं डीएचसीपी पत्ता देतं. तिकडून उत्तर आलं नाही, की विंडोज १६९.२५४.१.० ते १६९.२५४.२५४.२५५ यांतला एक पत्ता स्वतःच उचलतं. पण लगेच वापरत नाही. ‘हा पत्ता कोणाकडे आहे का?’ असं आधी नेटवर्कवर विचारायचं, नियमाप्रमाणे तीनदा. विचारताना स्वतःचा पत्ता ०.०.०.० लिहायचा, म्हणजे शेजारच्या मशीनच्या नोंदी बिघडत नाहीत. कोणी ‘माझा आहे’ म्हटलं, की दुसरा निवडायचा. २००५ च्या आरएफसी ३९२७ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात हे सगळं लिहिलेलं आहे. विंडोज ९८ मध्ये ही सोय त्याआधीच आली होती. राउटरने हे पत्ते पुढे पाठवायचे नाहीत, हेही त्या आरएफसीतच आहे. इंटरनेटवरून या पत्त्यावर कोण पोहोचणार?

कार्ड गेलेलं असेल किंवा केबल निघालेली असेल, तर विंडोज हा पत्ता दाखवतच नाही. दाखवतंय म्हणजे कार्डाला पलीकडे काहीतरी जोडलेलं दिसतंय. तेव्हा नव्या कार्डासाठी बर्डीचा बाजार गाठण्याआधी राउटर आणि केबल बघा. लाइट जाऊन आली की पीसी पत्ता मागतो तेव्हा राउटर बरेचदा तयारच नसतो. विंडोज दर ५ मिनिटांनी पुन्हा विचारतं. घाई असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ (ipconfig /renew) ही कमांड चालवा.

फॉरमॅटने काय होणार? नवं विंडोजही त्याच राउटरकडे पत्ता मागणार.

सर्वांत घातक सल्ला स्टॅटिक, म्हणजे हाताने टाकलेल्या कायमच्या, आयपीचा. सगळ्यांनी १९२.१६८.१.१० टाकला, तर एकाच पत्त्यावर दोन मशीन येतात आणि नेट तुटत राहतं. राउटर १९२.१६८.०.१ वर असेल तर नेट मिळतच नाही. प्रिंटरला कायमचा पत्ता जरूर द्या, पण डीएचसीपी वाटतं त्या पत्त्यांबाहेरचा.

राहिला एफई८०. आयपीव्ही६ (आयपीची नवी पद्धत) चालू असलेल्या प्रत्येक इंटरफेसला, म्हणजे नेटवर्क जोडणीला, असा पत्ता असावाच लागतो. नेट सुरळीत चालणाऱ्या मशीनवर ‘आयपीकॉन्फिग’ चालवून बघा, तिथेही तो दिसेल.