आधी प्लग अदलाबदल करा, मग बोअरची भाषा करा

आरडी ३५० ही दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक मोटारसायकल एकाच सिलिंडरवर चालतेय म्हटलं की पाना थेट कार्ब्युरेटरला लागतो. का? पेट्रोल कमी पडतंय हे कुणी तपासलं? दोन्ही कार्ब खाली, जेटमध्ये तार, एअर स्क्रू अंदाजाने इकडेतिकडे. गाडी तशीच. मग दोन्ही प्लग नवे. तरी तशीच. आणि मग ठरलेलं वाक्य: "बोअर गेलाय, पिस्टन टाकावे लागतील." बोअर म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, ज्यात पिस्टन वरखाली होतो. संताप येतो तो इथे. एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये आणलेली ही गाडी बंद होऊन तीस वर्षं उलटून गेलीत. स्टँडर्ड बोअर ६४ मिमी, पुढचे पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने मोठे, ते एक मिमीपर्यंत. म्हणजे चार वेळा घासलं की सिलिंडर संपला, पुढे स्लीव्ह, म्हणजे आत नवी नळी, टाका. एका मेलेल्या कंडेन्सरपायी (पॉइंट जळू न देणारा इग्निशनचा छोटा भाग) यातली एक पायरी खाऊन टाकायची? चोरी आहे ही सरळसरळ.

पहिला प्रश्न एकच. कुठला सिलिंडर बंद आहे? गार इंजिन चालू करा, अर्ध्या मिनिटात दोन्ही बेंड पाइपवर (सिलिंडरमधून निघणारे धुराचे पाइप) पाण्याचे थेंब टाका. एकीकडे चर्रकन उडतील, दुसरीकडे नुसते ओघळतील. झालं, कळलं. त्यासाठी चालू इंजिनाची प्लग कॅप उपटायची गरज नाही. तेही सर्रास करतात. करंटला वाट मिळाली नाही की कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) आतलं इन्सुलेशन फुटतं, आणि धड असलेली कॉइलही जाते.

मग बंद बाजूचा प्लग काढून बघा. बघा म्हणजे खरंच बघा, पुसून परत लावू नका. ओला असेल तर बोटावर चोळा. पेट्रोल वास सोडून उडून जातं, गिअर ऑइल चिकट राहतं. उजव्या प्लगवर गिअर ऑइल, मागे पांढरा धूर आणि गिअरबॉक्सची पातळी खाली, हे तिन्ही जुळलं तर क्लचकडचं क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या टोकाचं सील) गेलंय. प्लग कितीही बदला, भिजणारच. प्लग कोरडा पांढराफटक आणि आयडल (थ्रॉटल न देता इंजिनाचा वेग) आपोआप चढत असेल तर हवा ओढतेय. डावीकडे असेल तर मॅग्नेटकडचं सील आधी बघा. अशी गाडी पळवली तर पिस्टन जाम होईल. तेव्हा मात्र बोअरचा खर्च खराच लागेल.

यातलं काही नसेल तर अदलाबदल. फुकटचं काम. डावा प्लग उजवीकडे, उजवा डावीकडे. रोग सरकला तर प्लग दोषी: बी८एचएस घ्या, गॅप ०.६ मिमी. नाही सरकला तर कॉइलची पाळी. पॉइंटकडून (ठिणगीची वेळ साधणारा उघडमीट स्विच) येणारी नारिंगी वायर डाव्याची, करडी उजव्याची. त्या कॉइलपाशी उलट लावा आणि प्लगच्या केबलीही उलट लावा, म्हणजे कॉइल बदलली पण पॉइंट ज्याचा त्याचाच राहिला. रोग सरकला तर कॉइल, केबल किंवा कॅप. जागेवरच राहिला तर पॉइंट नाहीतर कंडेन्सर.

"करंट येतोय की" हे उत्तर मला ऐकवू नका. मोकळ्या हवेत प्लगच्या फटीत ठिणगी पडायला फारसा जोर लागत नाही. आत दाबाखाली तीच ठिणगी विझते. केबलच्या टोकापासून हेडपर्यंत सहा-सात मिमी उडी मारते का ते बघा, तेही निळी, सणसणीत. पिवळी बारीक ठिणगी म्हणजे नापास.

पॉइंट डाव्या कव्हराखाली, दोन संच. पूर्ण उघडल्यावर फट ०.३ ते ०.४ मिमी, फिलर गेजने. ब्लेडने नव्हे, व्हिजिटिंग कार्डाने तर नव्हेच! चालू इंजिनात एका पॉइंटवर निळे फटाके उडताना दिसले तर त्याचा कंडेन्सर मेला. नुसता पॉइंट घासून काही होणार नाही, आठवड्यात परत जळेल. आणि गॅप हलवली की टायमिंग हललं, तेव्हा प्लगच्या भोकात डायल गेज घालून दोन्ही बाजू वेगवेगळ्या लावा.

आता कार्ब. फक्त आयडलला बंद आणि पाव थ्रॉटलनंतर जिवंत होत असेल, तर पायलट जेट (आयडलला पेट्रोल देणारं बारीक भोक) खुशाल उघडा. सगळीकडेच बंद असेल तर त्या बाजूचा पेट्रोल पाइप मुडपलाय का, फ्लोटची सुई अडकलीय का ते पाहा. कार्बच्या तोंडातून फवारा मागे येत असेल तर रीडची (मिश्रण मागे येऊ न देणारी झडप) पाकळी तपासा. तुकडा उडालेला दिसला तर तो आत गेलाय का हे शोधल्याशिवाय किक मारू नका.

आणि एवढं करूनही कुणी बोअर म्हणत असेल तर आकडा मागा. थ्रॉटल पूर्ण उघडून, दोन्ही प्लग काढून, उजवं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) किती आलं, डावं किती? दोन्हींत दहा टक्क्यांहून जास्त फरक नसेल किंवा गेज लावलंच नसेल, तर सिलिंडरच्या नटाला हात लावू देऊ नका.