दोन बोटं काच खाली

रविवारी सकाळी लहान भाऊ आला तो फोन हातात धरूनच. मी तर्री पोह्यांची प्लेट पुढे केली, त्याने फोन पुढे केला. "ताई, गाडी ठरली. पाहून घे, यात सगळंच लिहून आहे."

मेसेज त्याच्या साळ्याने पाठवलेला. साळ्याला सोसायटीच्या ग्रुपवर मिळाला. संध्याकाळी तोच आमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर येऊन पडला, तेव्हा ठरवलं की आता लिहायचंच. मथळा असा: 'घरी मुलं आणि मोठा कुत्रा? मग गाडी अशीच घ्या'. आत काय आहे ते थोडक्यात सांगते. सात सीटर घ्या, जागाच जागा. मुलांना मागच्या समोरासमोरच्या आडव्या सीटवर बसवा, मागे ती सगळ्यात सुरक्षित असतात. कुत्र्याला बांधू नका, बांधला की उलटी करतो. डिकी 500 लिटरची असली की कुठलाही कुत्रा मावतो. सनरूफ हवंच. सीएनजी परवडतं. रंग पांढरा घ्या आणि मागे एसीची हवा येते का पाहा. शेवटचं सूत्र जाड अक्षरात: वाटेत जेवायला थांबलात तर कुत्र्याला गाडीतच राहू द्या, गाडी झाडाखाली लावा, काच दोन बोटं खाली ठेवा, अर्धा तास काही होत नाही.

हे शेवटचं आधी घेते. बाकीच्या सूत्रांनी पैसे वाया जातील, याने जीव जाईल.

नागपुरात राहणाऱ्या माणसाने हे वाचून पुढे पाठवावं याचंच मला नवल वाटतं. मे महिन्यात दुपारी वर्धा रोडवर गाडी दहा मिनिटं उभी करून परत आलात की काय होतं हे शाळकरी पोराला ठाऊक आहे. स्टिअरिंगला रुमाल गुंडाळावा लागतो. मागच्या उन्हाळ्यात भाच्याच्या मांडीला बेल्टचं लोखंडी टोक लागलं, तर चार बोटं रुंद लाल डाग दोन दिवस राहिला होता. आणि त्याच गाडीत अंगभर केस असलेलं जनावर अर्धा तास ठेवायचं, दोन बोटांच्या फटीवर?

अमेरिकेत हे मोजून झालेलं आहे. 2005 साली 'पीडियाट्रिक्स' या बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात कॅलिफोर्नियातल्या संशोधकांचा एक अभ्यास छापून आला. 16 वेगवेगळ्या स्वच्छ उन्हाच्या दिवशी गाडी उभी केली आणि आतलं तापमान पाहत बसले. बाहेर साधारण 22 ते 36 अंश सेल्सियस, म्हणजे आपल्याकडचा बरा दिवस. तासाभरात आतली हवा सरासरी 22 अंशांनी वाढली. त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, म्हणजे मेसेज ज्या अर्ध्या तासाला 'काही होत नाही' म्हणतो त्याच अर्ध्या तासात. मग त्यांनी काच साधारण दीड इंच उघडी ठेवूनही पाहिलं. दीड इंच म्हणजे आपली दोन बोटंच की. बंद काचेत दर पाच मिनिटांना अंदाजे 1.9 अंश वाढत होते, उघड्या फटीत 1.7. एवढाच काय तो दोन बोटांचा पराक्रम. उतरण्याआधी एसी लावून गाडी गार करून ठेवली तर? तेही केलं त्यांनी. तापायला पाच मिनिटं उशीर झाला, बस.

आता यात नागपूर घाला. मे 2024 मध्ये आपल्याकडे 56 अंश झाल्याची बातमी देशभर फिरली होती. नंतर हवामान खात्याला सांगावं लागलं की त्या स्वयंचलित केंद्राचा सेन्सरच बिघडला होता. 56 खोटे होते, पण 44-45 बहुतेक उन्हाळ्यात खरे असतात. कुत्र्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान 38 ते 39 अंशांच्या आसपास. 41 च्या वर गेलं की उष्माघात. आपल्यासारखा त्याला अंगभर घाम येत नाही, पंजांना थोडासा येतो. त्याचं सगळं भागतं ते जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. आणि बाहेरची हवाच त्याच्या अंगापेक्षा गरम असेल तर धापा टाकून तो आत काय घेणार? बंद गाडीत तर त्याच्याच श्वासाने हवा दमट होत जाते, त्यामुळे धापांचाही उपयोग उरत नाही. पग, बॉक्सरसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर एवढाही वेळ मिळत नाही.

झाडाखाली म्हणे. सावली कुणासाठी थांबून राहते का? बारा वाजता निंबाच्या सावलीत लावलेली गाडी एक वाजता उन्हात असते.

कायद्याची भीती घालावी म्हटलं तर तिथेही हसू येतं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा आपला कायदा 1960 चा आहे. वाहनातून जनावराला त्रास होईल असं नेणं हा त्यात गुन्हा आहे, आणि पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये. तर्री पोह्यांची एक प्लेटही धड येणार नाही त्यात.

भावाला हे सगळं सांगितलं तर म्हणतो, "अगं पण आम्ही थोडीच ठेवणार आहोत कुत्र्यांना गाडीत." ठेवणार नाही तर मग ती ओळ वाचून मान काहून डोलावून राहिला होता?

आता कुत्रा मोकळा सोडण्याचं. भावाकडे दोन आहेत, ब्रूनो लॅब्राडोर आणि शेरा जर्मन शेफर्ड. ब्रूनोचं वजन 32 किलो. गाडी ताशी 50 किलोमीटरने चालली आहे आणि धडकून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, असं धरा. दहावीच्या विज्ञानाचं गणित आहे. जे काही आत मोकळं आहे ते स्वतःच्या वजनाच्या साधारण 14 पट जोराने पुढे जातं. ब्रूनो साडेचारशे किलोचा होतो आणि त्याच्या पुढे चार वर्षांची पोर बसलेली असते. समृद्धी महामार्गावर तर 120 पर्यंत परवानगी आहे, आणि भावाला गाडी हवी आहे ती समृद्धीनेच संभाजीनगरला सासरी जायला. बांधल्याने उलटी होते हे कुठून काढलं कोण जाणे. प्रवासातली उलटी कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागामुळे होते, लहान पोरांना होते तशीच. निघण्याआधी तीन-चार तास पोट रिकामं ठेवा. बांधायचं ते छातीच्या पट्ट्याला, गळ्याच्या पट्ट्याला कधीच नाही. झटका बसला तर मानच जाईल. नाहीतर डिकी आणि सीटच्या मध्ये पक्की लोखंडी जाळी लावून घ्या.

आडव्या सीटचं मात्र वाचून डोकंच फिरलं. जुन्या सुमो-बोलेरोच्या मागे असायच्या त्या. आम्ही सगळे त्यावर बसूनच रामटेकच्या जत्रेला गेलो आहोत, गुडघ्याला गुडघे लावून, आणि मजा यायची हे मी नाकारत नाही. पण त्या सीटवर बेल्ट बहुतेक नसतोच, चाइल्ड सीट बसत नाही, आणि गाडी धडकली तर पोर कुशीवर फेकलं जातं. मागे सुरक्षित, हा समज तर 4 सप्टेंबर 2022 ला पालघरला संपायला हवा होता. उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या त्या अपघातात गाडीतले पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले, आणि मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते. मोटार वाहन कायद्याच्या 194 बी कलमात 14 वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेल्यास 1,000 रुपये दंड आहे. कुत्र्याच्या 50 पेक्षा बरा.

सात सीटर म्हणजे जागा, यावर भावाचं गणित ऐका. "चार माणसं, दोन कुत्रे, सहा झाले. एक सीट उरते, तिथे आई." मी म्हटलं, शेराला तिकीट काढून देशील का?

सीटची संख्या आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रायबर सात सीटर आहे. सातही सीट उभ्या असताना मागे 84 लिटर डिकी उरते, एक सुटकेस जेमतेम. मागच्या दोन सीट काढून ठेवल्या तर 625 लिटर, पण मग ती पाच सीटर झाली. अर्टिगाचं 209 आणि तिसरी रांग पाडून 550. म्हणजे कुत्र्याला जागा दिली की तिसरी रांग गेली, आणि तिसरी रांग ठेवली की कुत्र्याची जागा गेली. आई, दोन पोरं आणि दोन मोठे कुत्रे हे या दोन्ही गाड्यांत एका वेळी होत नाही, मेसेजात कितीही हिरव्या टिकल्या असोत.

बरं, लिटर मोजतात कसे? 20 बाय 10 बाय 5 सेंटिमीटरचे ठोकळे, एकेक लिटरचे, डिकीत रचत जातात. ठोकळे चाकाच्या खोबणीत शिरतात, सीटच्या मागच्या तिरक्या कोपऱ्यात शिरतात. शेरा शिरत नाही. दुधाच्या पिशव्या न्यायच्या असतील तर लिटर पाहा. कुत्रा न्यायचा असेल तर टेप घ्या.

तेच केलं आम्ही. जेवण झाल्यावर शिलाईची टेप घेऊन भावाच्या अंगणात बसलो. ब्रूनोला वाटलं खायला मिळणार, तो लगेच आडवा झाला. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, पाय पसरून किती रुंद, ते लिहिलं. शेराने टेप चावली. शेवटी भाचीने त्याच्यासमोर बिस्किट धरलं तेव्हा बसला, आणि जमिनीपासून कानांच्या टोकापर्यंत 88 सेंटिमीटर भरला. मग शेजाऱ्यांकडे आहे तीच गाडी, जी भावाने ठरवली होती, तिची डिकी मोजली. आतली उंची 78. म्हणजे शेरा संभाजीनगरपर्यंत मान खाली घालून बसणार.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही: डिकीचा उंबरा जमिनीपासून किती वर आहे. त्या गाडीचा 74 निघाला. जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडोर, दोन्ही जातींना खुब्याच्या सांध्याचा त्रास असतो. आज उडी मारतील, पण सहा-सात वर्षांचे झाले की 30-35 किलोचा कुत्रा उचलून आत ठेवावा लागेल. वहिनीने लगेच विचारलं, कोण उचलणार? उत्तर कुणाकडेच नव्हतं. तिसरी रांग पाडल्यावर तळ सपाट होतो का हेही पाहा. बऱ्याच गाड्यांत पायरी किंवा उतार राहतो, कुत्रा प्रत्येक वळणावर घसरतो. प्लायचा एक तुकडा कापून त्यावर रबराची चटई टाकली की काम होतं, खर्चही फार नाही.

मधल्या रांगेत दोन चाइल्ड सीट पक्क्या बसवल्या की ती रांग पाडून मागे जाता येत नाही, हेही कुणाच्या लक्षात येत नाही. मध्ये वाट असलेल्या वेगवेगळ्या सीट असतील तर आई मागे जाऊ शकते. पण त्याच वाटेने ब्रूनो ड्रायव्हरच्या मांडीवर येतो. तेव्हा जाळी हवीच.

सनरूफ: नागपुरात, मेमध्ये, डोक्यावर काच. पुढे काही बोलत नाही. पोरांना त्यातून बाहेर उभं करणारे आईबाप समृद्धीवर मी डोळ्यांनी पाहिले आहेत. सीएनजी परवडतं हे खरं, पण बहुतेक गाड्यांत टाकी डिकीतच बसते, मग ज्या डिकीसाठी एवढं चाललं आहे तीच गेली.

दोन गोष्टी मेसेजात बरोबर आहेत, मान्य करते, नाइलाजाने. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीचं छत काळ्यापेक्षा बरंच कमी तापतं, आतल्या हवेतही पाच-सहा अंशांचा फरक पडतो. फक्त हा फरक गाडीत बसून एसी लवकर गार व्हावा म्हणून कामाचा, कुत्रा कोंडायला नव्हे. दुसरं, मागे एसीची हवा येते का हे खरंच पाहा. दुसऱ्या रांगेला व्हेंट आहेत यावर भागवू नका. डिकीत जिथे कुत्रा बसणार तिथे स्वतः बसा, दार लावा, एसी चालू करा आणि बाहेर ऊन असताना दहा मिनिटं थांबा. सेल्समन हसेल. हसू द्या.

भावाने सोमवारी शोरूमला फोन केला. टेस्ट ड्राइव्हला घरचे सगळे येतील म्हणाला. "किती जण, सर?" "चार माणसं, दोन कुत्रे." पलीकडे जरा वेळ शांतता. मग त्या पोराने विचारलं, "सर, कुत्रे मोठे आहेत का?"

बुधवारी गेलो. ब्रूनो एका उडीत चढला आणि सेल्समनचा हात चाटून मोकळा झाला. शेराने उंबऱ्यावर पुढचे दोन पाय ठेवले, आत पाहिलं, आणि खाली उतरला. तीनदा. भाऊ टोकन न देताच परत आला.