वाटाणे मारणारी पोरं कापलीत, मग ती हसते कशाला?

सकाळपासून चॅप्लिनच्या 'सिटी लाइट्स' (१९३१) या सिनेमाच्या शेवटाची एकच क्लिप तीन जणांनी पाठवली. आंधळ्या फुलवालीला दृष्टी यावी म्हणून पैसे जमवून देणारा कंगाल भटक्या, म्हणजे चॅप्लिन, शेवटी तिला भेटतो तो प्रसंग. खाली रडके चेहरे, हृदयं वगैरे. क्लिप सुरू होते फुलवाली दारात येऊन फूल पुढे करते तिथून. त्याआधीचं सगळं उडवलेलं! कोपऱ्यावरची ती दोन पेपरवाली पोरं, फुंकणीतून त्या भटक्याला वाटाणे मारणं, तो गटारातलं फूल उचलायला वाकतो तेव्हा पँटीच्या भोकातून चिंधी ओढणं. कुणाला तरी वाटलं, हा फालतू भाग.

अरे, पोरं काढलीत तर ती काचेमागे हसते कशाला? त्या चिंधीलाच तो नाक पुसतो, घडी घालून ऐटीत खिशात ठेवतो, म्हणून ती हसते. दृष्टी आलेली मुलगी आपल्या उपकारकर्त्याला पहिल्यांदा बघते आणि त्याची गंमत वाटून हसते. हे आधी दिसलं तरच पुढे हाताच्या स्पर्शाने ती त्याला ओळखते ते काळजात घुसतं. ते काढलं की उरतं शुभेच्छापत्र.

संताप दुप्पट होण्याचं कारण वेगळंच. त्या दोन पोरांतला एक रॉबर्ट पॅरिश. जन्म १९१६चा. म्हणजे १९२८ ते ३० या काळात हे चित्रण चाललं तेव्हा बारा-चौदा वर्षांचा. त्याच सुमारास दिग्दर्शक जॉन फोर्डच्या 'फोर सन्स'मध्येही (१९२८) पोराटोरांत उभा होता. पुढे हाच संकलक (एडिटर) झाला, १९४७च्या 'बॉडी अँड सोल'साठी फ्रान्सिस लायनबरोबर ऑस्कर घेतलं, आणि १९५१पासून स्वतः दिग्दर्शन केलं. कापायचं कसं हे ज्याला कळत होतं, नेमका त्यालाच कापलात!

चॅप्लिनने त्या पोरांना शिकवलं कसं, हे पॅरिशने पुढे आठवणींत लिहून ठेवलंय. 'असं कर, तसं कर' नाही. चॅप्लिन स्वतः फुंकणी घेऊन वाटाणा मारायचा, मग पळत पलीकडे जाऊन तोच वाटाणा स्वतःला लागल्यासारखा दचकायचा, परत पळत येऊन दुसरा मारायचा. मधूनच आंधळी मुलगीही व्हायचा. सगळ्यांची कामं करून दाखवून झाली की नाइलाजाने ती ज्याची त्याला परत द्यायचा.

आता हे संकलकाच्या नजरेनं बघा. फुंकर हे कारण, दचकणं हा परिणाम. दोन वेगळे शॉट जोडायचे तर मध्ये किती फ्रेम सोडायच्या? सेकंदाला २४ फ्रेम. दोन जास्त सोडल्या की वाटाणा हवेत रेंगाळतो, दोन कमी पडल्या की माणूस लागायच्या आधीच दचकतो. पोरासमोर चॅप्लिन हेच अंतर पायांनी मोजत होता.

मग १९४९चा 'ऑल द किंग्ज मेन'. दिग्दर्शक रॉबर्ट रॉसन. संकलक अल क्लार्क, आणि पॅरिशला मागाहून बोलावलेलं. नामावलीत तो 'संपादकीय सल्लागार' आहे. कितीही कापलं तरी सिनेमा लांबच. शेवटी रॉसनचा हुकूम: प्रत्येक प्रसंगाचा मध्य धर, सिंक्रोनायझरवर (चित्राची आणि आवाजाची फीत जोडीने फिरवून फूट मोजणारं यंत्र) तिथून १०० फूट मागे जा, १०० फूट पुढे, आणि पलीकडचं छाटून टाक. संवाद चालू असो, संगीत असो, बघू नको.

३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, मिनिटाला ९० फूट. म्हणजे १०० फूट म्हणजे जेमतेम ६७ सेकंद. मोठ्यातला मोठा प्रसंगसुद्धा सव्वादोन मिनिटांत आटपला! चित्रपट १०९ मिनिटांवर आला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेऊन गेला.

हो हो, कळलं. 'मग आंधळेपणाने कापून चाललंच की!' चाललं. पण छाटल्यावर ती मंडळी अख्खा सिनेमा बघायला बसली होती. तुमच्या क्लिपवाल्याने कापल्यावर एकदा तरी बघितलं का?

आणि तेव्हा कापणं म्हणजे बोटाने सरकवणं नव्हतं. फिल्मच्या एका टोकाचं इमल्शन (चित्र असलेला थर) खरवडायचं, सिमेंट म्हणजे फिल्म चिकटवायचं द्रावण लावायचं, दुसरं टोक वर दाबून धरायचं. सांधा पसंत नाही म्हणून उघडला की एक फ्रेम गेली. तिच्या जागी काळी फ्रेम भरायची. विसरलात तर चित्र आवाजाच्या पुढे पळतं, आणि असं दहा ठिकाणी झालं की ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. ध्वनिपट्टीवरून सांधा गेला की 'टक्' वाजतं, म्हणून तिथे काळा त्रिकोण काढायचा, त्याला ब्लूपिंग म्हणत. चुकीची किंमत हाताला कळायची हो.

युद्धात नौदलात असताना फोर्डने 'द बॅटल ऑफ मिडवे' (१९४२) याच पॅरिशकडून कापून घेतला, नौदलाच्या वरिष्ठांपासून लपवून. सोळा मिमीचं रंगीत चित्रण, अठरा मिनिटांचा माहितीपट. ऐन शेवटी फोर्डने एक तुकडा हातात दिला, मेजर जेम्स रूझवेल्टचा जवळून घेतलेला चेहरा. राष्ट्राध्यक्षांचा मुलगा. जोडला. व्हाइट हाउसमधल्या खेळात इतका वेळ बोलत बसलेले राष्ट्राध्यक्ष त्या तुकड्याला गप्प झाले. पुन्हा तेच, वाटाणा कुठे मारायचा आणि कुठे लागायचा.

दिग्दर्शक म्हणून तो पहिल्या रांगेतला नाही, मान्य. 'कसिनो रोयाल'च्या (१९६७) पाच दिग्दर्शकांच्या खिचडीत त्याचंही नाव आहे, त्याबद्दल न बोललेलं बरं. पण पहिलाच 'क्राय डेंजर' बघा, ७९ मिनिटं, चरबी नाही. 'द पर्पल प्लेन' (१९५४) बघा, सिलोनच्या उन्हात नेलेला ग्रेगरी पेक. तिथे संवाद थोडके, पायपीट भरपूर, तरी कंटाळा येत नाही.

असो. चिडून लिहायला बसलो होतो, आता तो शेवट पुन्हा लावलाय. पूर्ण. फुंकणी तोंडाला लावलेलं ते पोरगं सरळ चॅप्लिनकडे बघतंय, आणि त्या फुंकरीचा वेळ अगदी चोख आहे.