खुलासा : ‘पर्जन्यमापकाचे जनक अण्णा मणी’ हा मेसेज चुकीचा आहे

पाऊस लागला की कोल्हापुरातल्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतो : ‘हवामानशास्त्रज्ञ डॉ. अण्णा मणी यांनी पर्जन्यमापक शोधला.’ नाव ॲना मणी. आपल्याकडच्या ‘अण्णा’मुळे अनेकांनी त्यांना पुरुष समजले, त्या महिला होत्या. जन्म १९१८, केरळातील पीरमेड.

त्या पीएच.डी. नव्हत्या. सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे-माणकांवर काम करून प्रबंध दिला, पण एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पदवी नाकारली. हा अन्याय ‘डॉ.’ लावून झाकू नका. १९४५ मध्ये त्या लंडनला हवामान-उपकरणे शिकायला गेल्या, १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या आणि १९७६ मध्ये उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या.

पर्जन्यमापक त्यांच्या कितीतरी शतके आधीचा. त्यांचे खरे काम वेगळे : शंभरेक उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती भारतात बनवायला लावणे. हे का मोलाचे, ते गगनबावड्याच्या पावसात कळते. १०० चौ.सें.मी. तोंडाच्या मापकात १ मि.मी. म्हणजे १० मिली पाणी, २०० च्या मापकात २० मिली. १०० च्या मापकातले पाणी चुकून २०० च्या मापकाच्या काचनळीत (पाणी मोजायच्या नळीत) मोजले, तर ८० मि.मी. पाऊस ४० भरतो! सकाळी साडेआठची नोंद वेळेवर घेतली तरी आकडा खोटाच. उसाच्या फडाला खेटून मापक ठेवला तरी तेच. अडथळ्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर हवेच.