पैसा पाण्यात

गेमिंग पीसीला वॉटर कूलिंग करायचं हे मी ठरवलं नाही, नागपूरच्या एप्रिलने ठरवलं. बाहेर ४२-४३ अंश, खोलीत ३५, आणि टेबलाखाली आरटीएक्स ३०८० हे ग्राफिक्स कार्ड बसलेलं. हे कार्ड रंगात आलं की ३२० वॉट खातं, शेजारचा रायझन प्रोसेसर १४० च्या आसपास. मग दोघांचे पंखे असा काही सूर लावतात की पलीकडच्या खोलीतून आई ओरडते, "अरे, ते बंद कर! मालिकेत कोण मेलं तेच कळलं नाही."

तेव्हा कस्टम लूप. प्रोसेसरवर एक तांब्याचा ब्लॉक, कार्डावर एक, दोन्हींतून पाणी फिरवायला पंप, पाणी निववायला रेडिएटर, साठवायला छोटी टाकी आणि सगळ्यांना जोडणारी नळी. बाजारात तयार एआयओ मिळतो, म्हणजे हे सगळं आधीच जोडून दिलेला संच, चार स्क्रू पिळले की काम संपलं. पण तो बहुधा प्रोसेसरपुरता, आणि माझ्या घरी गोंगाट घालतं ते कार्ड. एकदा पाणी कार्डापर्यंत न्यायचं म्हटलं की तयार वाट संपते आणि वहीपेन घेऊन बसावं लागतं.

बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेत. ओल्या हाताने स्विच लावू नका, हे लोकांना सांगण्यात त्यांची उभी नोकरी गेली. त्यांना बेत सांगितला तर ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"यानं खोली थंड होणार?"

"नाही. उष्णता तेवढीच. फक्त कार्डातून पाण्यात, पाण्यातून रेडिएटरमध्ये आणि रेडिएटरमधून..."

"खोलीत."

"हो."

"म्हणजे कार्ड थंड होणार."

"हो."

"आणि आपण?"

यावर उत्तर नाही. रेडिएटर कितीही मोठा लावा, पाणी खोलीच्या तापमानाखाली जात नाही. चांगल्या लूपमध्येही ते खोलीपेक्षा दहाएक अंश वरच राहतं. पुण्याच्या डिसेंबरात ही गोष्ट कुणाच्या लक्षातही येत नसेल. आमच्याकडे मे महिन्यात खोली ३५ वर असते, तेव्हा लूपमधलं पाणी ४५ ला जाणार, म्हणजे आंघोळीला विसण घालावं लागेल इतकं. खिडकीतला डेझर्ट कूलर मात्र बाहेरच्या ४३ अंशांची हवा आत घेऊन पंचवीस-तीसची करून देतो, कारण त्यात पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. माझ्या लूपमधून पाण्याचा थेंब उडता कामा नये. उडाला तर तो मदरबोर्डवर असेल.

बाबांनी लगेच तोडगा काढला. कूलरच्या टाकीतूनच एक लाइन आत घे, पंपही तोच, खर्च शून्य. सूचना अगदी गांभीर्याने आली होती. मी त्यांना कूलरच्या खसवर साचलेला पांढरा खार दाखवला. ब्लॉकच्या पोटात तांब्याच्या पापुद्र्यांमध्ये अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही अरुंद फटी असतात. बोअरचं पाणी त्यातून एक उन्हाळासुद्धा काढणार नाही. "आरओचं घे मग," आई म्हणाली. आरओच्या पाण्यातही क्षार उरतातच. लागतं ते डिस्टिल्ड वॉटर, शिवाय शेवाळ धरू नये म्हणून एक औषध आणि धातू गंजू नये म्हणून दुसरं. घरात इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेला कॅन असतोच, पण त्याला हात लावायचा नाही, असं बाबांनी त्याच दिवशी जाहीर केलं.

बाटलीबंद तयार कूलंटही मिळतो, हिरवा, जांभळा, गुलाबी. त्यातला दुधाळ रंगाचा फार देखणा दिसतो. दुधाळपणा येतो तो पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांमुळे, आणि ते कण पुढे त्या अरुंद फटींतच मुक्काम ठोकतात. मला स्वतःला हा प्रकार फोटोपुरता वाटतो.

मग मोजमापं. ३६० चा रेडिएटर म्हणजे ३६० मिलिमीटर, असं कुठलाही भाबडा माणूस धरून चालेल. ३६० हे १२० च्या तीन पंख्यांचं माप. दोन्ही टोकांना पाण्याच्या टाक्या असतात, त्या धरून तो ३९० च्या पुढे जातो. जाडी ३० ची, त्यावर पंखा २५ चा, झाले ५५. माझ्या कॅबिनेटच्या छताखाली टेप लावला तर ५५ मिलिमीटर भरतात, पण तिथे रॅमच्या पट्ट्यांनी डोकी वर काढली आहेत. ही रॅम घेताना तिच्या डोक्यावरचे दिवे आवडले म्हणून चार पैसे जास्त मोजले होते. आता ते दिवे बरोबर पंख्याच्या पात्यांत जातात.

ब्लॉक, पंप, रेडिएटर या मंडळींच्या किमती निदान डोळ्यांसमोर असतात. लूपचं दिवाळं काढतात ती फिटिंगं. लग्न ठरतं दोघांचं, खर्च होतो मानपानावर, तसं हे. दोन ब्लॉक, दोन रेडिएटर आणि टाकीसह पंप. प्रत्येकाला पाणी आत जायला एक आणि बाहेर यायला एक. झाली दहा. मग कळतं की कार्डाकडून वर जाणारी नळी वळताना चेमटते, म्हणून काटकोनी फिरती फिटिंग. दुसऱ्या बाजूला नळी सरळ जाते खरी, पण दिसायला बरी नाही, म्हणून तिथेही काटकोनी. एकेकाची किंमत शेकड्यांत, आणि वस्तू अंगठ्याच्या पेराएवढी.

नमुना म्हणून दोन मागवली. मखमली पिशवीतून आली. त्याच दिवशी छतावरच्या टाकीचा बॉलकॉक बदलायला आमचे नेहमीचे प्लंबर भाऊ आले होते. त्यांनी पिशवी उघडून फिटिंग तळहातावर घेतलं, उन्हात धरलं, नखाने आतली काळी ओ-रिंग उचकून पाहिली.

"पाव इंची हाय."

मी चाट पडलो. कारण या फिटिंगला पाव इंची म्हणतात हे वाचून मी आटा पट्टीने मोजला होता, तर तो १३ मिलिमीटर भरला, अर्ध्या इंचाहून थोडा जास्तच. त्यावर माझी अख्खी संध्याकाळ गेली होती.

"पाव इंची पाइपाचा आटा असाच असते जी," भाऊ म्हणाले. "आतला व्यास धरतात ना, जुन्या हिशेबानं. टेफलॉन किती गुंडाळायचा?"

"नाही गुंडाळायचा. ओ-रिंग आहे."

"अन् सोल्युशन?"

"तेही नाही."

"पान्यानं तं आवळता ना?"

"हातानेच. टेकलं की किंचित पिळायचं. जास्त आवळलं तर आटा जातो."

भाऊंनी फिटिंग परत पिशवीत घातलं आणि दोरी ओढून तोंड बंद केलं. "मंग तं गळते," ते म्हणाले, आणि बॉलकॉकचे पैसे घेऊन गेले.

हे वाक्य मला रात्री आठवतं. गळतीची भीती काही फक्त आमच्या गल्लीपुरती नाही. २००४ साली ॲपलने पॉवर मॅक जी५ च्या अडीच गिगाहर्ट्झच्या यंत्राला पाण्याची थंडाई लावली, आणि पुढे त्यातली बरीच यंत्रं आतल्या आत गळून गेली. इतक्या मोठ्या कंपनीच्या इंजिनीअरांनी केलेलं ते काम होतं. इथे इंजिनीअर मी, आणि माझी पदवी वाणिज्य शाखेची.

नळीच्या बाबतीत मात्र मी लवकर शहाणा झालो. पारदर्शक कडक नळी दिसते सुंदर, पण ती हीटगनने तापवून, आत सिलिकॉनचा दोर घालून, नेमक्या कोनात वाकवावी लागते. पीईटीजी प्लॅस्टिकची असेल तर साठ-सत्तर अंशांना ती मऊच पडू लागते, आणि ४५ अंश पाण्यावरून सुरुवात करणाऱ्याने असल्या नळीच्या नादी लागू नये. काळी ईपीडीएम रबराची नळी घ्यायची. दिसत काहीच नाही, पण वर्षानुवर्षं कटकटही नाही.

लूपमध्ये आधी प्रोसेसर की आधी कार्ड, यावरही मी एक रविवार घालवला. हिशेब केला तर मिनिटाला तीन-चार लिटर पाणी फिरत असताना साडेचारशे वॉटने ते सुमारे दोन अंशच तापतं. म्हणजे क्रम कसाही लावा, फरक दोन अंशांचा. नियम एकच, टाकी पंपाच्या आधी हवी, कारण पंप कोरडा चालला की मेलाच. स्वस्तातला ॲल्युमिनियमचा रेडिएटर घेऊन तांब्याच्या ब्लॉकशी जोडायचा मोह तेवढा टाळायचा. दोन धातू एकाच पाण्यात सोडले की ॲल्युमिनियम हळूहळू विरघळायला लागतं.

कार्डाचा ब्लॉक अजून ठरलेला नाही. तो कार्डाच्या आतल्या बोर्डावर मिलिमीटरच्या बेताने बसावा लागतो, आणि माझ्या कार्डाच्या कंपनीने त्याच नावाने दोन वेगळे बोर्ड विकले आहेत. आपला कुठला, हे कार्ड उघडल्याशिवाय कळत नाही. आणि वॉरंटीचं स्टिकर बरोबर स्क्रूवर चिकटवलेलं आहे.

शेवटी मी सगळा आराखडा आलेखाच्या कागदावर काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला. बाबांनी हात धुतले, चष्मा लावला, लाल पेन आणलं. बोट ठेवत ठेवत पाणी एकदा पूर्ण फिरवून आणलं.

"लाइट गेली तर?"

"कम्प्युटरही बंद होतो. तापायला काही उरतच नाही."

"बरं. पहिल्यांदा पाणी भरताना?"

"बाकी सगळ्याची वीज काढायची, फक्त पंप चालवायचा. पॉवर सप्लायच्या मोठ्या प्लगमधली हिरवी तार काळीला जोडली की तो एकटाच सुरू होतो. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर, आणि चोवीस तास पहारा."

"जोडणार कशानं?"

"लोक पेपरक्लिप वापरतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लाल पेनाने कागदावर पेपरक्लिपचं चित्र काढून त्यावर फुली मारली.

"वर्षाने पाणी बदलताना ते काढणार कुठून?"

मी कागदाकडे पाहत राहिलो. बाबांनी सगळ्यात खालच्या नळीवर एक टी काढला, टीखाली बॉल व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हखाली बादली. म्हणजे आणखी तीन फिटिंगं. बादलीचे पैसे धरलेले नाहीत. मग रेडिएटरशेजारी 'अर्थिंग?' असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. कोपऱ्यात 'तपासले' लिहून सही केली, तारीख घातली, आणि 'मंजूर' या शब्दापुढची जागा आईसाठी मोकळी सोडली.

आईने कागद उलटा करून त्यावर वाणसामानाची यादी लिहिली आहे. पाठीमागे साखर दोन किलो, पुढच्या बाजूला पंप. दुकानदाराने परवा फोन करून विचारलं, "ते टी आणि व्हॉल्व्ह आमच्याकडे नाहीत, बाकी सगळं पाठवू का?"