गढीचा पहिला रुपया माथ्यावर घाला

गावातल्या जुन्या गढीसाठी, म्हणजे तटबंद वाड्यासाठी, वर्गणी जमली की पहिला खर्च दरवाजावर होतो. खिळ्यांना काळा रंग, वर झेंडा, शेजारी फ्लेक्स. दिसायला छान, पण गढी पडते ती माथ्याकडून, म्हणजे भिंतीच्या वरच्या कडेकडून.

खाली घडीव काळा दगड, वर विटा नाहीतर पांढरी माती, अशी बहुतेक गढ्यांची बांधणी. माथा शाबूत तोवर ती माती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. माथा उघडा पडला की पाणी आत मुरतं, माती फुगते, भिंतीला पोट येतं आणि एका पावसाळ्यात बुरूज बसतो. त्यात माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, टाकायला गावानेच ही पांढरी माती खणून नेलेली असते, ते वेगळंच.

मग कुणीतरी सिमेंटचा गिलावा चढवतं. आतली ओल कोंडते आणि गिलावा सुटताना जुन्या विटेचा पापुद्राही घेऊन येतो. इथे चुनाच हवा. कळीचा चुना (भट्टीतून निघालेले चुन्याचे खडे) निदान पंधरा दिवस पाण्यात विरवायचा, एका भागाला दोन-तीन भाग वाळू, थोडी विटांची सुरखी म्हणजे भुकटी, आणि घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, चांगला मळायचा. थर अर्ध्या इंचाहून जाड नको. वर ओलं गोणपाट आठवडाभर. भर उन्हात तडकतो, पावसात धुऊन जातो; दसऱ्यानंतर काम काढा.

पिंपळ उपटू नका, मुळाबरोबर दगड येतो. बुंध्याशी कापा, खोडात झाड मारायचं औषध भरा. मूळ कुजून पोकळी झाली की तिथे पातळ चुना ओता.

सासवडजवळ पिलाजी जाधवरावांनी १७१० मध्ये बांधलेल्या जाधवगडात आज हॉटेल आणि संग्रहालय आहे. त्यावर नाकं मुरडणारे पुष्कळ. मला ते पटत नाही. पाहुणा झोपतो तिथलं छत गळलं तर त्याच दिवशी माणूस वर चढतो. कुलूपबंद वाड्यात कोण चढणार? प्रत्येक गढीचं हॉटेल होणार नाही, पण अभ्यासिका, ग्रामपंचायत, बचत गटाचं काम चालू शकतं. फक्त हजार लिटरची टाकी माळवदावर ठेवू नका, ते एक टन वजन आहे. संडासही जुन्या भिंतीला चिकटवून नको.

खरी अडचण हिस्सेदारांची. एकेका गढीला तीस-चाळीस नावं, निम्मी पुण्या-मुंबईत. सह्या गोळा होईपर्यंत निदान मृगाआधी माथ्यावरचं गवत काढून पन्हळी मोकळ्या करा. गढी संरक्षित स्मारक असेल तर मात्र पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय वीटही हलवू नका.