अनुदान कुणाच्या हातात, केव्हा? एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

सुधारित चुलींच्या (कमी लाकडात, कमी धुरात शिजवणाऱ्या) अनुदानावरच्या माझ्या लेखाला तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. "फुकटेपणाला बाजार म्हणणारे पंख्याखालचे पंडित" अशी सुरुवात करून मग तुम्ही मुद्द्यांकडे वळलात; अनुदानाने बाजार मरतो, हा त्यातला मुख्य. क्रम उलटा असता तर वाचायला सोपं गेलं असतं. आणि माझं माप काढायचंच असेल तर ऐका: चुलींची चाचणी आणि दुरुस्ती हाच माझा व्यवसाय आहे. चुलीतल्या जळून पातळ झालेल्या जाळ्या मी फोटोत पाहिलेल्या नाहीत.

एक गोष्ट मान्य. लेखातला इंधन-बचतीचा आकडा पाणी उकळण्याच्या चाचणीतला आहे, हे तिथेच सांगायला हवं होतं. चाचणीत लाकूड कोरडं आणि एकसारखं चिरलेलं असतं. घरात ओलसर सरपण, कमीजास्त जाळ, त्यामुळे बचत कमी भरते. झालं.

आता तुमचं लाडकं वाक्य: "अनुदान आलं की बाजार मेलाच." भारताचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला आणि २००२ मध्ये केंद्राने तो गुंडाळला. सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्या, खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला. बुडाला? बुडाला. पण कशाने? पैसा सुटायचा तो चूल बसवल्याच्या नोंदीवर. वर्षभराने ती पेटते का, हे विचारण्यात कुणाचाच फायदा नव्हता. धुराडं काजळीने तुंबलं की धूर खोलीत उलटतो. ते नियमित झाडायचं कुणी, पाइप फुटला तर नवा कुठे मिळणार, हे कुणाच्याच गळ्यात नव्हतं. मग लांब लाकूड आत जावं म्हणून चुलीचं तोंड फोडून मोठं केलं जातं आणि हवेचा ओढा तिथेच बिघडतो. त्याच दशकात चीनने चुलीचा बहुतेक खर्च घरच्यांना करायला लावला. सरकारी पैसा मुख्यतः प्रशिक्षण, तपासणी आणि चुली व सुटे भाग बनवणाऱ्यांमागे लावला. १९८२ ते १९९२ या काळात तिथे सुमारे १३ कोटी घरांत चुली गेल्या. अनुदान दोन्हीकडे होतं, महाराज.

म्हणून मी लेखात जे सुचवलं (तुम्ही ते वाचलं असेल असं धरून चालतो) ते असं. पावतीवर पूर्ण किंमत आणि सूट वेगवेगळी छापायची, म्हणजे सूट गेल्यावर ग्राहकाला धक्का बसत नाही. रक्कम विक्रेत्याला द्यायची, पण हप्त्यांनी: निम्मी विक्रीनंतर, पाव तीन महिन्यांनी, उरलेली वर्षाने, आणि तीही चूल वापरात असेल तरच. तपासायची घरं त्रयस्थाने निवडायची, विक्रेत्याने नव्हे. "वापरता का?" या प्रश्नाला उत्तर कायम "हो" येतं, म्हणून नमुन्यातल्या चुलींच्या अंगाला तापमान नोंदवणारं छोटं यंत्र लावायचं. एकच चूल दोन घरांत दाखवली जाते. ते रोखायला क्रमांक पत्र्यावर ठोकलेला हवा, स्टिकर उष्णतेने गळतो.

सुट्या भागांना वेगळी तरतूद लागते. साध्या पोलादी पत्र्याचा ज्वलनकक्ष (लाकूड जळतं तो भाग) पापुद्रे सुटून झिजतो, सिरॅमिक अस्तराला तडे जातात, पंख्याने हवा फुंकणाऱ्या चुलीत बहुधा बॅटरी आधी जाते आणि पंखा थांबला की ती भरपूर धूर करते. दर शंभर चुलींमागे दहा-पंधरा जाळ्या आणि काही अस्तरं दुकानात पडून असली पाहिजेत. अशा साठ्यात दुकानदार स्वतःचा पैसा गुंतवत नाही. अनुदान खरं तिथे लागतं.

तुमच्या म्हणण्यात एकच धागा खरा आहे: पुढच्या हंगामात जास्त सूट मिळणार अशी नुसती कुजबुज झाली तरी विक्री ठप्प होते. त्यावर उपाय म्हणजे सूट कधी किती कमी होणार याचं वेळापत्रक पहिल्याच दिवशी जाहीर करायचं आणि नंतर त्याला हात लावायचा नाही.

"गॅस द्या, विषय संपवा" म्हणता. २०१६ च्या उज्ज्वला योजनेत जोडणीला १,६०० रुपयांची मदत होती. महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालात लाभार्थ्यांचे पुनर्भरण वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडर एवढंच दिसलं. पहिल्या खरेदीचं अनुदान आणि रोजच्या वापराचं अनुदान यातला फरक त्यातच आला.

कार्बन क्रेडिटला (प्रदूषक वायू कमी केल्याबद्दल मिळणारी, विकता येणारी प्रमाणपत्रं) तुम्ही अर्ध्या वाक्यात निकालात काढलंय. त्यावर अर्ध्या वाक्यात उत्तर देणार नाही. माझ्या हेतूंविषयीच्या अंदाजांना तर अजिबातच नाही.